तीन पट्ट्या खाली

मामाने आयुष्यात एकच रेकॉर्ड काढली आणि तिच्यातलं जगाला ठाऊक आहे ते एवढंच: "थांब ना, जरा थांब." त्यातलं दुसरं "थांब" इतकं उंच आहे, की मामीच्या सांगण्यानुसार ते म्हणताना स्टुडिओत मामाच्या शर्टाचं वरचं बटण तुटून माइकवर आपटलं होतं. नीट ऐकलं तर रेकॉर्डमध्ये तो टक् असा आवाज आहेही. बाकीचं गाणं कुणाच्या लक्षात नाही. सोल गाणं होतं ते, म्हणजे एक पुरुष कुणाला तरी जाऊ नकोस म्हणून विनवतो आणि मागे तीन बायका त्याला दुजोरा देतात.

रेकॉर्ड आली तशी गेली. मामाने ड्रायव्हिंग स्कूल काढलं. शनिवारी संध्याकाळी एका हॉटेलच्या लाउंजमध्ये गायचा आणि बाकीचे दिवस लोकांना गाडी मागे कशी घ्यायची ते शिकवायचा. असं बरंच चाललं. मग एके दिवशी, एक शिकाऊ बाई वळण घेत असताना, गाडीतल्या रेडिओवर मामाला स्वतःचा आवाज ऐकू आला. पण तो आवाज उंदराचा होता. कुण्या तरुण रॅपरने तो तुकडा उचलून, वेग वाढवून, पुन्हा पुन्हा वाजवला होता आणि त्यावर स्वतःच्या गल्लीविषयी भराभरा बोलत होता. रेकॉर्ड कंपनीने परवानगी दिलेली होती. मामाला सांगायचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मामाने ब्रेक मारला. शिकाऊ बाईला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं.

मामाच्या गाडीत दुसरा ब्रेक आहे, शिकवणाऱ्याच्या पायाखाली. तो कसा वापरायचा याचं मामाचं एक शास्त्र आहे. "शिकणाऱ्याला कळता कामा नये की ब्रेक आपण मारला," असं तो सांगतो. "त्याला वाटलं पाहिजे, गाडी आपणच थांबवली. तरच तो उद्या परत येतो."

हे सगळं भाचीला तोंडपाठ होतं, कारण ती मामाकडेच राहायची. पदार्थविज्ञानात पदवी घेऊन ती या शहरात एका चाचणी प्रयोगशाळेत लागली होती. तिथलं तिचं काम म्हणजे धातूच्या दांड्या यंत्रात अडकवायच्या, त्या लाखो वेळा वाकवायच्या आणि कधी तुटतात ते बघायचं. कानात दिवसभर गाणी. हिप-हॉप आणि सोल, तिसरं काही नाही. दोन्ही तिने मामाच्या घरात ऐकायला सुरुवात केली. सोल मामासमोर आणि हिप-हॉप दार लावून.

कोणता कलाकार किती टिकेल हा तिचा जिव्हाळ्याचा विषय होता. डबा खाताना ती शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला तो ऐकवायची, कारण त्याला उठून जायला जागा नव्हती.

"पोलाद घे," ती म्हणायची. "त्याला एक मर्यादा असते. भार तिच्याखाली ठेवलास तर कितीही वेळा वाकव, दांडी तुटत नाही. अ‍ॅल्युमिनियमला तशी मर्यादाच नाही. भार कितीही हलका असू दे, कधी ना कधी तडा जातोच. सोलवाले पोलाद. रॅपवाले अ‍ॅल्युमिनियम."

"का पण?"

"रॅपर काय म्हणतो? मी आलोय. आता आलोय म्हणून किती वर्षं सांगणार? तिसऱ्या अल्बमपर्यंत लोक म्हणतात, अरे हो, बस की आता. सोलवाला म्हणतो जाऊ नकोस. जाणारी माणसं काय, कुठल्याही वयात मिळतात. सत्तरीत तर जास्तच."

"मग तुझा तो खिळा अजून कसा टिकलाय?"

खिळा हे त्याच उंदीरवाल्या रॅपरचं मंचावरचं नाव. हा प्रश्न भाचीलाही छळत होता. खिळ्याला आता चव्वेचाळिसावं लागलं होतं आणि त्याचे कार्यक्रम अजून भरत होते. तिने त्याच्या सगळ्या अल्बममधल्या ओळी तपासल्या, तेव्हा तिला दिसलं की एका श्वासात तो पूर्वी जेवढे शब्द घ्यायचा, त्याच्या जेमतेम निम्मे आता घेतो. उरलेल्या जागेत तो गप्प बसतो. टीकाकार त्याला प्रगल्भता म्हणतात. भाचीच्या मते ती दमछाक होती, पण नीट बसवलेली.

मामाचं रॅपविषयीचं मत एका वाक्याचं होतं. "गाता येत नाही म्हणून बोलतात."

आणि मग खिळ्याचा फोन आला.

त्याच्या त्या गाण्याला वीस वर्षं झाली होती. मोठ्या सभागृहात कार्यक्रम होता आणि शेवटी मूळ गायकाने येऊन मूळ गाणं पूर्ण गावं, अशी त्याची इच्छा होती. "काका, तुम्ही नसता तर मी नसतो," असं तो फोनवर म्हणाला. चाळिशी उलटलेल्या माणसाने काका म्हटल्यामुळे मामाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण तो हो म्हणाला. फोन ठेवून त्याने बायकोला आणि भाचीला समोर बसवलं.

"वरचं थांब लागलं," तो म्हणाला, "तर गात राहीन. नाही लागलं तर लाउंजलाही राम राम. लोकांनी कीव करत टाळ्या वाजवायच्या आधी माणसाने उठावं."

"अहो, असलं काही बोलायची गरज आहे का?" मामी म्हणाली.

"आहे."

मामा हे असं ठरवतो तेव्हा ते होतं. सिगारेट त्याने अशीच सोडली होती, आणि सख्ख्या भावाशी बोलणंही. शनिवारी दुपारी मामा आरशासमोर उभा राहून मफलर नीट करायचा, तेव्हाच फक्त तो घरातल्या कुणाला काही शिकवत नसे. तो शनिवार काढून घेतला तर आठवड्याचे सातही दिवस तो फक्त ड्रायव्हिंग शिकवणार, गाडीत आणि गाडीबाहेर.

आणि वरचं थांब लागत नव्हतं. मामाकडे त्या गाण्याची नुसत्या साथीची जुनी कॅसेट होती. ती बाथरूमच्या दाराशी लावून तो आत सराव करायचा, आणि त्या एका जागी त्याचा आवाज दोन तुकड्यांत फुटून पाण्याच्या आवाजात विरून जायचा. मग बादली सरकवल्याचा आवाज यायचा. तोसुद्धा खोटा, हे भाचीला कळत होतं.

तिने पुढच्या सकाळी मोबाइलवर ते ध्वनिमुद्रित केलं. एका नमुन्यावरून निष्कर्ष काढणं तिच्या तत्त्वात बसत नसल्यामुळे त्याच्या पुढच्याही सकाळी केलं. कंप्रता तपासल्या. निष्कर्ष स्वच्छ होता. कीबोर्डवर शेजारशेजारच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या मोजत खाली आलं, तर मूळ सुरापासून तीन पट्ट्या खाली मामाचा आवाज भरीव होता, दर वेळी लागत होता. दोन पट्ट्यांवर तो कधी लागे, कधी नाही. तीनच.

पण हे मामाला सांगणार कोण? लाउंजच्या जुन्या पियानोवाल्याने एकदा अदबीने सुचवलं होतं की पट्टी जरा उतरवूया. मामाने पियानोवाला बदलला, पट्टी नाही.

सुदैवाने साथीचा ट्रॅक भाचीच्याच हातात होता. खिळ्याच्या माणसांकडे फक्त तो चिमूटभर तुकडा होता. पूर्ण साथ कॅसेटवरून उतरवून, खरखर काढून पाठवायचं काम तिने घेतलं होतं. तिने साथ उतरवली. खरखर काढली. वेग तोच ठेवून सगळं तीन पट्ट्या खाली घेतलं, फाइलला जुनंच नाव दिलं आणि पाठवून दिलं. मामाला वाटेल, आज आवाज चांगला लागतोय. दुसरा ब्रेक म्हणजे दुसरं काय असतं?

कार्यक्रमाच्या दिवशी मामा सकाळपासून मौनात होता. घसा राखायचा म्हणून तो खुणांनी बोलत होता, आणि त्याच्या खुणा त्याच्या बोलण्याइतक्याच हुकमी होत्या. सभागृहात आवाजाच्या तपासणीलाही तो गायला नाही. माइकमध्ये "एक, दोन" म्हणाला, मान हलवली आणि खाली उतरला.

"काकांची शिस्त बघा," खिळा त्याच्या माणसांना म्हणाला. जवळून तो फोटोपेक्षा लहानखुरा दिसत होता. गळ्यातली साखळी त्याने टेबलावर काढून ठेवली होती आणि मानेला मलम लावत होता.

भाचीला त्याला शंभर गोष्टी विचारायच्या होत्या. तिने विचारली ती ही: "तुमच्या ओळी आखूड होत चालल्यात, ते ठरवून?"

खिळ्याने तिच्याकडे नीट बघितलं. "कुणी सांगितलं?"

"मोजलं."

"जिने चढताना ठरतं ते," तो म्हणाला. "कुठे बोलू नका."

संध्याकाळी सभागृह भरलं. प्रेक्षक बहुतेक चाळिशीचे होते. टोपी उलटी घातलेले आणि बसायला खुर्ची मिळाल्याने सुखावलेले. भाची आणि मामी विंगेत पडद्याच्या घडीत उभ्या राहिल्या. मामीच्या हातात कोमट पाण्याचा थर्मास होता.

खिळ्याची एक सवय प्रसिद्ध होती. त्याच्या कार्यक्रमात डीजे कितीही चांगली असो, प्रत्येक गाण्याचं बटण तो स्वतः दाबायचा. सुरुवातीच्या काळात कुणीतरी भलतंच गाणं लावून त्याची फजिती केली होती, तेव्हापासूनचा हा नेम. डीजे बाजूला होते, तो वाकतो, दाबतो, परत येतो. चाहते त्यालाही टाळ्या वाजवतात.

शेवटच्या गाण्याला मामा आला. राखाडी सूट, मफलर. टाळ्या झाल्या. खिळा यंत्रावर वाकला. पण या वेळी तो जरा जास्त वेळ वाकला आणि त्याने काहीतरी खाली सरकवलं. मागे उभ्या डीजेच्या भुवया वर गेल्या. पण खिळ्याच्या हाताला हात लावायचा नाही, हा तिथला कायदा होता. खिळ्याने बटण दाबलं.

साथ सुरू झाली.

ती साथ नव्हती. बेस गिटार कुणीतरी फरशीवरून फ्रिज सरकवल्यासारखी घरघरत होती. मागच्या तीन बायका, ज्यांनी इतकी वर्षं मामाला गोड दुजोरा दिला होता, त्या आता तीन जाडजूड पुरुष झाल्या होत्या आणि त्यांचा मामाशी काहीतरी जुना वाद असावा असं वाटत होतं. भाचीचा कान तयार होता. तीन नाही, हे तिला लगेच कळलं. तिने बोटांवर उतरायला सुरुवात केली. सहा. सात. आठ. नऊ. नऊ पट्ट्या.

तिने मामीकडे बघितलं. मामी थर्मासचं झाकण उघडून बंद करत होती.

"मामी, तू काही केलंस?"

"मी कुठे काय केलं?" मामी म्हणाली आणि लगेच, "दुपारी त्या डीजे मुलीला तेवढं सांगितलं की तीन पट्ट्या खाली घेऊन ठेव. ह्यांना बोलू नकोस म्हटलं. इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकतेय मी, मला कळत नाही? तिने फाइल बदलूनच ठेवली, गुणी पोर आहे."

"फाइल मी आधीच तीन खाली घेतली होती."

मामीने झाकण बंद केलं. "मग खिळ्याने आत्ता काय सरकवलं?"

ते दोघींनाही एकदमच कळलं. घरात तिसराही एक माणूस होता, ज्याने ते बाथरूममधलं थांब सगळ्यात जवळून ऐकलं होतं.

तिघांचंही मोजमाप तंतोतंत बरोबर होतं. फक्त बेरीज कुणी केली नव्हती.

मंचावर मामा माइकपाशी उभा होता. साथीची सुरुवात संपत आली होती. भाचीने घाईघाईने हिशेब मांडला. या पट्टीत गायचं, तर कडव्यातले खालचे सूर मामाच्या छातीच्याही खाली, जवळपास जमिनीत जात होते. एक सप्तक वर उचलावं, तर ते मूळपेक्षा तीन पट्ट्या वर जात होतं, म्हणजे शर्टाची सगळीच बटणं. वर वाट नव्हती, खाली वाट नव्हती. तिला एकदम प्रयोगशाळेतली ती वेळ आठवली, यंत्र चालू असतं आणि दांडीवर केसाएवढी रेघ दिसते.

मामाने तोंड उघडलं आणि पहिली ओळ खाली शोधली. ती नव्हती. खर्जातून फक्त हवा आली. त्याने तोंड मिटलं. भराभर विचार करणाऱ्या माणसाचा चेहरा त्याच्याकडे नव्हता. त्याच्याकडे होता तो चढावर गाडी बंद पडल्यावर शिकाऊ माणसाकडे बघण्याचा चेहरा. आता तो स्वतःकडे तसा बघत होता. भाचीने मामीचा हात धरला, त्यात थर्मास असल्यामुळे थर्मासही धरला.

मग मामा बोलायला लागला.

कडवंच बोलत होता तो, शब्द तेच. पण त्याने ते त्या घरघरत्या तालावर एकेक करून ठेवायला सुरुवात केली, गाडी पार्किंगमध्ये घेताना सूचना देतो तशी. दाराशी चप्पल. चपलेत पाय. थांब ना. घाई नाही. आरशात बघ. "आरशात बघ" मूळ गाण्यात नव्हतं, ते त्याच्या तोंडून सवयीने गेलं. पुढच्या ओळीआधी त्याने मोठी जागा सोडली, आणि ती जागा बरोबर तालात बसली.

खिळा बाजूला उभा होता. त्याचा माइक खाली आला होता.

ध्रुवपद आलं. मामा बोलला, "थांब ना." आणि त्या उंच थांबच्या ठिकाणी तो काहीच बोलला नाही. त्या जागी प्रेक्षक गायले. ते चाळिशीचे सगळे लोक उंदराच्या आवाजात गायले, कारण त्यांना ते गाणं तसंच माहीत होतं. सूर कुणाचाच लागला नाही. शेकडो लोक मिळून तो सूर चुकले. मामाने हात वर करून त्यांना थांबवलं, पुढचं कडवं तसंच बोलला आणि पुन्हा त्यांच्याकडून चुकवून घेतलं. दुसऱ्या खेपेला तो किंचित हसला, असं मामीचं म्हणणं आहे. भाचीला तिथून तसं दिसलं नाही.

टाळ्या खूप झाल्या. कीव त्यात होती का, हे भाचीने कान देऊन तपासलं. नव्हती. काही चुकलंय याची कुणालाच कल्पना नव्हती.

विंगेत खिळा मामाच्या पाया पडायला वाकला, अर्ध्यावर त्याची कंबर धरली, आणि तो तिथूनच म्हणाला, "काका, एवढं हळू बोलायचं धाडस मला वीस वर्षांत झालं नाही."

"मी बोललो नाही," मामा म्हणाला. गाण्याबाहेरचं, सकाळपासूनचं हे त्याचं पहिलं वाक्य. "मी गायलो. सूर जरा खाली होता, इतकंच."

परतताना रस्त्यावर दिवे लागले होते. गाडी मामा चालवत होता. शेजारी, शिकवणाऱ्याच्या जागी, मामी बसली होती आणि मागे भाची. सिग्नलला मामाने आरशातून मागे बघितलं.

"मी त्या खिळ्याला काल फोनवर तीनच सांगितल्या होत्या," तो म्हणाला.

"मी पण तीनच," मामी खिडकीबाहेर बघत म्हणाली.

"तीन," भाची म्हणाली.

सिग्नल सुटला. मागच्याने हॉर्न दिला. मामाने सावकाश गिअर टाकला.

"म्हणजे तुम्हा दोघींना माहीत होतं."

"तुम्हालाही माहीत होतं की," मामी म्हणाली.

"मला माहीत असणं वेगळं."

भाचीने विषय शास्त्राकडे वळवायचं ठरवलं. "मामा, मी आजवर म्हणायचे की सोलवाला पोलाद असतो. मर्यादेच्या खाली भार ठेवला की तुटत नाही. मला वाटतं ते बरोबरच आहे. फक्त मर्यादा कुणीतरी सांगायला लागते."

"आणि रॅपवाला?"

"त्याचं मला परत तपासायला लागेल. आज एकाचा नमुना बिघडला."

"कुणाचा?"

"तुझा. तू नेमका कशात धरायचा ते कळेना."

"शास्त्रीबाई, मी ड्रायव्हिंग शिकवतो," मामा म्हणाला. "शनिवारी गातो."

मामीने मान वळवली नाही, पण तिच्या हातातला थर्मास हलायचा थांबला.

"या शनिवारी?" भाचीने विचारलं.

"लाउंजच्या पियानोवाल्या पोराला फोन करून सांग, त्या गाण्याची पट्टी तीन खाली. तीन. तू एकटीने सांगायचंस. हिने सांगायचं नाही, मी सांगणार नाही."

"तुझ्या नावाने सांगू?"

मामाने जरा विचार केला. "माझ्याच नावाने सांग."

समोर घराकडचं वळण आलं. गाडीचा वेग मऊपणे, कुणाला कळणार नाही इतक्या बेताने कमी झाला. मामाने खाली स्वतःच्या पायाकडे बघितलं. पाय ब्रेकवर नव्हता.

"हा ब्रेक तू मारलास?"

"समोर बघा," मामी म्हणाली.